चौथ्यांदा मोजलेले पैसे

दर्यापूरकडच्या एका गावात बचत गटाचं रजिस्टर सांभाळणाऱ्या काकू आहेत. बैठकीच्या आदल्या रात्री त्या पैसे चारदा मोजतात. हिशोब पहिल्याच खेपेला जुळलेला असतो. सकाळी पोटात गोळा, तळहाताला घाम. बँकेचे साहेब येणार असले तर घास उतरत नाही. गावात मात्र 'काकूचा हिशोब म्हणजे पक्का' असंच बोललं जातं. त्यांचं म्हणणं वेगळं : "जुळला तं वाटते, वाचली बाई या खेपेला."

आपलं काम चोख झालं तरी श्रेय नशिबाला, आणि एक दिवस आपलं पितळ उघडं पडणार ही धाकधूक. पॉलीन क्लान्स आणि सुझान आयम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये याला 'इम्पोस्टर', म्हणजे तोतया, हे नाव दिलं. त्यांच्यासमोर होत्या उच्चशिक्षित, नाव कमावलेल्या बायका. काकू सातवी शिकल्या आहेत.

अशी चिंता दिसत नाही, कारण ती नीटनेटकेपणाचा पदर घेऊन फिरते. डॉक्टरकडे जाते तीही 'जीव घाबरते', 'गॅस झाला' म्हणून. भीती वाटली की अ‍ॅड्रिनलिन वाढतं, काळीज धडधडतं, पचन मंदावतं. म्हणजे पोटातला गोळा खराच असतो. (थायरॉइड किंवा अंगात रक्त कमी असलं तरी धडधड होते, तेव्हा आधी ती तपासणी करावीच.)

पण मोजणं थांबत का नाही? चौथ्यांदा मोजल्यावर क्षणभर हायसं वाटतं, आणि मेंदू धडा घेतो की मोजलं म्हणून निभावलं. कपाशीवर अळी असो-नसो, दर आठवड्याला फवारणाऱ्याला 'फवारलं म्हणून अळी आली नाही' असंच वाटत राहतं. चार ओळी न फवारता सोडल्याशिवाय त्याला खरं कळायचं नाही.

अशा चार ओळी सोडायला लावणं हा अशा चिंतेवरच्या उपचाराचा गाभा. एरन बेक यांनी 1960च्या दशकात फिलाडेल्फियात ज्या विचार-वर्तन उपचारपद्धतीचा पाया घातला, तिच्यात समुपदेशक 'एवढं टेन्शन नका घेऊ' म्हणत नाही. तसं सांगणारे घरात काय कमी असतात? काय बिघडेल असं वाटतं ते तो आधी लिहायला लावतो. मग एकदाच मोजायचं, रजिस्टर बांधून ठेवायचं. बेचैनी आधी चढते, बहुधा आपोआप उतरते. बैठक झाली की लिहिलेलं वाचायचं.

हे गावात करणार कोण, हा प्रश्न रास्तच. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' प्रकल्पाने गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनाच शिकवून तयार केलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. तो प्रकल्प नैराश्यावर होता हे खरं, पण नैराश्य आणि चिंता बरेचदा एकाच घरात नांदतात. शिवाय 2022 पासून 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा मोफत नंबर आहे.

काकूंनी समुपदेशकाच्या सांगण्यावरून वहीत लिहिलं, 'शंभर रुपये कमी निघतीन, साऱ्या हासतीन.' त्या रात्री एकदाच मोजले. दुसऱ्या दिवशी हिशोब जुळला. कोणी हसलं नाही. सगळ्या जणी चहा कोण करणार यावरून भांडत होत्या. रात्री दोनदा उठून पेटी जागेवर आहे ना ते पाहून आले, हेही काकूंनी प्रामाणिकपणे वहीत लिहून ठेवलंय.