करंट: पाण्यातला आणि तारेतला

मालवणच्या किनाऱ्यावर रापण (मासेमारीचं मोठं जाळं) ओढणारे लोक पर्यटकांना बजावतात, ‘पाण्याक करंट आसा, आत जाव नकात.’ वादळात विजेची तार तुटून पडली की तिच्यापासूनही लांब राहायला सांगतात, कारण तिच्यातही करंट असतो. बँकेतलं करंट अकाउंट आणि स्पर्धा परीक्षांतले करंट अफेअर्स ही याच इंग्रजी शब्दाची आणखी दोन रूपं. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ धावणं. पण धावतं काय?

समुद्रात खरोखर पाणी धावतं. लाटा ते किनाऱ्याकडे लोटत राहतात आणि साचलेलं पाणी एखाद्या अरुंद वाटेने जोरात माघारी फिरतं. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, म्हणून नवख्याला नेमकी तीच जागा शांत वाटते. ही ओढ माणसाला खाली खेचत नाही, खोल समुद्राकडे नेते. तिच्याविरुद्ध हात मारत दमून जाणं हेच घातक. किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाजूला व्हावं. हे प्रत्येक समुद्रकिनाऱ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायलाच हवं.

तारेतलं धावणं निराळं. घरातल्या तांब्याच्या दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या तारेतून १ अँपिअर वीज जाते, तेव्हा इलेक्ट्रॉन सेकंदाला मिलिमीटरचा जेमतेम विसावा भाग सरकतात. तेही एका दिशेने नाही. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, त्यामुळे ते खाडीतल्या भरती-ओहोटीच्या पाण्यासारखे मागेपुढे होत राहतात. तरी दिवा लगेच लागतो, कारण इलेक्ट्रॉन तारेत सगळीकडे आधीपासून असतातच. बटण दाबल्यावर त्यांना हलवणारं विद्युतक्षेत्र मात्र जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पोचतं.

मग विजेला ‘वाहणं’ चिकटलं कसं? अठराव्या शतकात अनेक जण वीज हा अदृश्य द्रव मानत. बेंजामिन फ्रँकलिन त्यांतलेच. द्रव जास्त तिथे धन, कमी तिथे ऋण, ही भाषा त्यांची. त्यामुळे करंट धनाकडून ऋणाकडे वाहतो असं धरलं गेलं. १८९७ साली जे. जे. थॉमसन यांना इलेक्ट्रॉन सापडला आणि त्याचा भार ऋण निघाला. म्हणून पाठ्यपुस्तकातला करंटचा बाण आजही इलेक्ट्रॉनच्या उलट दिशेने असतो.

मला जास्त भावतं ते फ्रँकलिन यांचं दुसरं काम. टपाल खात्यात असताना त्यांना प्रश्न पडला, की इंग्लंडहून अमेरिकेला येणारी टपालाची जहाजं इतकी रेंगाळतात का? देवमासे पकडणाऱ्या टिमोथी फोल्जर या कप्तानाने उत्तर दिलं: ती गल्फ स्ट्रीम या सागरी प्रवाहाविरुद्ध येतात. फ्रँकलिन यांनी त्या प्रवाहाचा नकाशा छापून घेतला. इंग्रज कप्तानांनी तो फारसा मनावर घेतला नाही.