शटर जड लागले तर जोर लावू नये : घराच्या पार्किंगच्या शटरमधील स्प्रिंगविषयी ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"शटरला तीन महिने कोणी हातही लावला नाही, मग स्प्रिंग तुटली कशी?" हा प्रश्न रत्नागिरी आणि आसपासच्या गावांतील ग्राहक दर वर्षी, विशेषतः श्रावण सरता सरता, आम्हाला इतक्या वेळा विचारतात की त्याचे उत्तर एकदा छापून हाती देणे बरे, असे आम्हाला वाटले. मे महिन्याची सुट्टी संपवून घर बंद करून गेलेली मंडळी चतुर्थीच्या तोंडावर परततात, पार्किंगचे शटर उचलू पाहतात, ते जागचे हलत नाही, आणि त्यानंतर आम्हाला फोन येईपर्यंतच्या अर्ध्या तासात जे घडते त्याने दुरुस्तीचा वेळ आणि खर्च दोन्ही वाढतात. हे पत्रक मुख्यतः त्या अर्ध्या तासाविषयी आहे.

दहा फूट रुंद आणि आठ फूट उंच अशा साध्या लोखंडी शटरचे वजन पत्र्याच्या जाडीनुसार ऐंशी ते शंभर किलोच्या घरात जाते. तरीही घरातील वडीलधारी व्यक्ती ते एका हाताने वर सारू शकते, कारण ते वजन माणूस उचलत नसून स्प्रिंग उचलत असते. शटर ज्यात गुंडाळले जाते त्या वरच्या टोपाच्या आत एक पाइप दोन्ही भिंतींवरील ब्रॅकेटमध्ये घट्ट बसवलेला असतो. तो फिरत नाही. त्यावर बिडाच्या पुल्या असतात आणि प्रत्येक पुलीच्या पोटात पोलादी फितीची, घड्याळाच्या चावीसारखी गुंडाळलेली स्प्रिंग असते, जिचे आतले टोक पाइपला आणि बाहेरचे टोक पुलीला अडकवलेले असते. शटर खाली ओढले की पुल्या फिरतात आणि स्प्रिंगला पीळ बसतो. वर सारताना तोच पीळ उलगडत आपल्याला मदत करतो.

यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. शटर बंद असते तेव्हा स्प्रिंग विश्रांती घेत नसते, उलट तेव्हाच तिच्यावर सर्वांत जास्त ताण असतो. त्या अवस्थेत ती जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत, वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात, खाऱ्या हवेत राहिली, तर फितीच्या वेढ्यांमध्ये साचलेली ओल बाहेर पडत नाही, गंज पोलादात बारीक खड्डे पाडतो आणि त्या खड्ड्यातून चीर सुरू होते. तुटलेली स्प्रिंग आम्ही ग्राहकाच्या हाती देतो तेव्हा तुटीची कड उजेडात धरून पाहण्यास सांगतो. कडेचा एक भाग जुन्या तपकिरी गंजाने काळवंडलेला असतो आणि उरलेला भाग चकचकीत, करडा असतो. काळवंडलेली चीर कित्येक आठवडे जुनी असते, तर चकचकीत भाग शेवटच्या क्षणी तुटलेला असतो. बहुतेक वेळा ही तूट आतल्या टोकाजवळ, जिथे फीत पाइपमध्ये अडकवण्यासाठी वाकवलेली असते, तिथेच सापडते. काही घरांत रात्री कोणी जवळ नसताना टोपातून मोठा आवाज येतो आणि शेजाऱ्यांना चोर आल्याचा संशय येतो. तो आवाजही याच तुटण्याचा असतो.

रोज गाडी काढणाऱ्या घरांत कारण वेगळे असते. तिथे स्प्रिंग गंजापेक्षा वापराने थकते. अमेरिकेतील वर सरकणाऱ्या गॅरेज दारांच्या स्प्रिंगसाठी १०,००० वेळा उघडझाप हे आयुष्य सर्वसाधारण मानले जाते, म्हणजे दिवसाला चार वेळा दार उघडणाऱ्या घरात सुमारे सात वर्षे. आपल्याकडील फितीच्या स्प्रिंगवर असा आकडा छापून येत नाही, म्हणून तिची परीक्षा हातानेच करावी लागते. शटर कमरेइतक्या उंचीवर नेऊन हात अलगद सैल करावा, मात्र हात आणि पाय शटरच्या रेषेच्या बाहेर ठेवावेत. ते तिथेच थांबले तर स्प्रिंग ठीक आहे. ते हळूहळू खाली येऊ लागले तर स्प्रिंगचा ताण मेला आहे, आणि धाडकन खाली येण्याची ओढ जाणवली तर एखादी स्प्रिंग तुटलेली असण्याचाच संभव अधिक. उचलताना खालची पट्टी एका बाजूला झुकत असेल, तर ज्या बाजूची स्प्रिंग गेली ती बाजू मागे राहत आहे असे समजावे.

आता त्या अर्ध्या तासाविषयी. शटर उचलत नाही म्हटल्यावर घरातील आणि शेजारची चार माणसे मिळून ते उचलतात. तीनपैकी एक स्प्रिंग तुटलेली असेल तर उरलेल्या दोन एकाच बाजूने ओढतात, शटर तिरके चढते, पट्ट्या एकमेकींतून आडव्या सरकतात आणि त्यांची टोके चॅनेलमधून, म्हणजे दोन्ही बाजूंच्या ज्या उभ्या खाचांतून शटर सरकते त्यांतून, बाहेर निघतात. इथवर आलेले शटर ना वर जाते ना खाली येते. गेल्या वर्षी पावसच्या बाजूला एका घरी आम्ही पोहोचलो तेव्हा शटर अडीच फुटांवर तिरके अडकले होते, त्याच्या एका टोकाखाली गाडीचा जॅक होता आणि दुसऱ्या टोकाला बांबूचा टेकू. मखर पार्किंगमध्ये ठेवलेले असल्याने घाई होती, हे आम्हालाही समजत होते. परंतु जॅकने खालची पट्टी धनुष्यासारखी वाकली होती, अकरा पट्ट्या काढून सरळ कराव्या लागल्या, आणि जे काम दोन-अडीच तासांचे होते त्याला दीड दिवस लागला. स्प्रिंगच्या किमतीपेक्षा पट्ट्यांचे बिल मोठे झाले, आणि ते देताना ग्राहकाला वाईट वाटले तसे ते घेताना आम्हालाही वाटले.

म्हणून विनंती अशी की जड लागलेले शटर आहे त्या स्थितीत सोडावे. बंद असेल तर बंदच ठेवावे. उघडे अडकले असेल तर त्याखालून ये-जा थांबवावी, गाडी काढण्याचा मोह टाळावा आणि दोन्ही चॅनेललगत भक्कम लाकडी टेकू द्यावेत, मध्यभागी देऊ नयेत. ब्रॅकेटचे बोल्ट तर कोणत्याही परिस्थितीत सैल करू नयेत; स्प्रिंगमध्ये पीळ शिल्लक असताना पाइप सुटला की तो गरकन फिरतो, आणि त्यात अडकवलेला पाना हाताचे हाड मोडू शकतो.

एकच स्प्रिंग तुटली असता आम्ही सर्व स्प्रिंग बदलण्याचा आग्रह का धरतो, अशी तक्रार आमच्या कानावर येते. यात आमची विक्री वाढते हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु तिन्ही स्प्रिंग एकाच दिवशी बसलेल्या असतात, तितकेच पीळ खाल्लेल्या असतात आणि त्याच हवेत गंजलेल्या असतात. एक नवी आणि दोन थकलेल्या अशी जोडी लावली तर नवी जास्त ओढते, शटर पुन्हा तिरके चालते आणि काही महिन्यांत दुसरी तुटते. शटर उतरवून पुन्हा चढवण्याची मजुरी मात्र एक स्प्रिंग बदलली तरी तेवढीच लागते. आम्हीच गेल्या दीड-दोन वर्षांत पूर्ण संच बसवला असेल तर एकच बदलतो आणि तसे सांगतोही. बसवल्याची तारीख आणि स्प्रिंगला दिलेल्या आट्यांची (पिळाच्या फेऱ्यांची) संख्या टोपाच्या आतल्या बाजूस रंगाने लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी कोणीही कारागीर आला तरी त्याला अंदाज बांधावा लागू नये. काढलेल्या स्प्रिंग आम्ही परत नेत नाही. त्या मोजून ग्राहकाच्याच ताब्यात देतो.

तुटलेली फीत वेल्डिंग करून चालवता येत नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने पोलादाला दिलेले पाणी (कडकपणा) उतरते आणि फीत जोडाशेजारी पुन्हा तुटते. चॅनेलमध्ये जळके ऑइल ओतण्याचाही उपयोग नाही, कारण अंगणातील लाल धूळ त्यात मिसळून घट्ट लगदा होतो आणि शटर आणखी जड चालते. चॅनेल कोरड्या ब्रशने साफ करणे पुरेसे असते.

मोटर बसवू इच्छिणाऱ्यांनी हे जरूर वाचावे. पाइपच्या मधोमध बसणारी मोटर स्प्रिंगच्या भरवशावरच काम करते. शटरचा सगळा भार उचलण्यासाठी ती नसते. स्प्रिंग थकलेली असताना अशी मोटर लावली तर सुरुवातीचे काही महिने सर्व उत्तम वाटते, मग मोटर तापून बंद पडू लागते आणि दोष मोटरवर येतो. पावसाळ्यात वीज गेल्यावर शटर हाताने उघडण्याची सोयही स्प्रिंग शाबूत असेल तरच उपयोगाची. यासाठी आम्ही आधी स्प्रिंग तपासल्याशिवाय मोटरचा दर सांगत नाही, यावर काही ग्राहक रुष्ट होतात, तरी ही पद्धत आम्ही बदललेली नाही.

मांडवी, मिऱ्या किंवा गणपतीपुळ्याप्रमाणे समुद्राच्या अगदी जवळ घर असल्यास मेअखेरीस, घर बंद करण्याआधी, स्प्रिंगला पातळ तेल देऊन घ्यावे. घराची देखभाल करणाऱ्या व्यक्तीने महिन्यातून एकदा शटर पूर्ण वर-खाली केले तर वेढे एकमेकांना गंजून चिकटत नाहीत. हे तेल देणे आणि तपासणी आम्ही मे महिन्यात ठरावीक शुल्कात करतो, आणि त्या वेळी थकलेली स्प्रिंग आढळली तर ती सवडीने बदलता येते.

फोन करताना शटरची रुंदी आणि उंची फुटांत सांगावी, आणि टोपाचे झाकण उघडता येत असेल तर आतील पुल्या मोजता येतील असा एक फोटो व्हॉट्सॲपवर पाठवावा, म्हणजे योग्य मापाच्या स्प्रिंग पहिल्याच खेपेस गाडीत ठेवता येतात. चतुर्थीच्या आधीचे चार दिवस आम्ही केवळ अडकलेली शटरे सुरक्षितपणे उघडून टेकू देण्याचेच काम घेतो. नव्या स्प्रिंग बसवण्याच्या तारखा गौरी-विसर्जनानंतरच्या मिळतील.