वर्डप्रेस डॉट कॉम आणि वर्डप्रेस डॉट ऑर्ग : नाव एक, जबाबदाऱ्या वेगळ्या

जालन्यातील बियाणे कंपनी असो, लातूरचे शिकवणी वर्ग असोत किंवा पैठणमधील पैठणीचे दालन असो, संकेतस्थळ नव्याने उभारायचे ठरले की मार्केटिंग विभागाच्या बैठकीत कोणीतरी ‘वर्डप्रेसवर करू’ असे सुचवते आणि सगळे होकार देतात. मात्र या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बैठकीतील काहींच्या मनात एक असते, तर उरलेल्यांच्या मनात दुसरी, आणि हे लक्षात येईपर्यंत पुष्कळदा वर्षाची वर्गणी भरून झालेली असते किंवा होस्टिंग (संकेतस्थळ ठेवण्यासाठी सर्व्हरवरची भाड्याची जागा) विकत घेऊन झालेले असते.

वर्डप्रेस ही मुळात संकेतस्थळ उभारण्याची एक आज्ञावली (सॉफ्टवेअर) आहे. मॅट मुलनवेग आणि माइक लिटल यांनी ‘बी2’ या आधीच्या आज्ञावलीच्या पायावर ती रचली आणि 27 मे 2003 रोजी तिची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. जीपीएल या मुक्त वापराच्या परवान्यामुळे ती कोणीही विनामूल्य उतरवून घेऊ शकतो, वापरू शकतो व बदलूही शकतो. ही आज्ञावली, तिच्या थीम (देखाव्याचे साचे) आणि प्लगइन (जादा सोयींचे जोड) जिथे मिळतात ते ठिकाण म्हणजे वर्डप्रेस डॉट ऑर्ग. वर्डप्रेस डॉट कॉम ही मात्र मुलनवेग यांनीच 2005 मध्ये स्थापन केलेल्या ऑटोमॅटिक या कंपनीची सेवा आहे. तिथे तीच आज्ञावली कंपनीच्या सर्व्हरवर आयती चालू असते आणि आपण खाते उघडून तिचा वापर करतो. लिहिण्याचा पडदा दोन्हीकडे जवळपास सारखाच दिसतो, कारण डिसेंबर 2018 मधील 5.0 आवृत्तीबरोबर आलेला ब्लॉक संपादक (परिच्छेद, चित्र असे तुकडे जोडून पान रचण्याची सोय) दोन्हीकडे आहे. त्यामुळे रोज मजकूर भरणाऱ्या माणसालाही आपण नेमके कुठे काम करतो आहोत हे सांगता येत नाही.

खरा फरक पडद्यामागच्या जबाबदारीत आहे, आणि आपल्याकडे तो नळ आणि बोअर यांच्या उदाहरणाने चटकन उमगतो. नळजोडणी घेतली की पंपाची आणि जलवाहिनीची काळजी नगरपालिकेने करायची असते, परंतु पाणी कधी आणि किती दाबाने यावे हे आपल्या हाती नसते. स्वतःचा बोअर असला की पाणी हवे तेव्हा उपसता येते, पण ऐन मे महिन्यात मोटार जळाली तर ती वर काढण्याची धावपळही आपल्यालाच करावी लागते. डॉट कॉमवर आज्ञावलीचे अद्ययावतीकरण, सर्व्हरची सुरक्षा आणि देखभाल कंपनी पाहते. डॉट ऑर्गवरून आज्ञावली घेतली तर पीएचपी (वर्डप्रेस जिच्यात लिहिली आहे ती भाषा) आणि मायएसक्यूएल (मजकुराचा साठा सांभाळणारी प्रणाली) चालणारे होस्टिंग आपण निवडायचे, बॅकअप आपण घ्यायचा आणि प्लगइन जुने राहून त्यातून कोणी आत शिरले तर निस्तरायचेही आपणच. म्हणून ‘डॉट ऑर्ग फुकट आहे’ हे विधान अर्धेच खरे आहे. आज्ञावली फुकट असते. होस्टिंग, डोमेन (संकेतस्थळाचे नाव) आणि देखभाल करणाऱ्या माणसाचा वेळ यांचे पैसे मोजावेच लागतात.

निवड करताना संकेतस्थळाच्या देखाव्यापेक्षा एक प्रश्न आधी विचारावा, असे माझे ठाम मत आहे: रविवारी रात्री संकेतस्थळ बंद पडले तर फोन कोणाला करायचा? याला विभागाकडे उत्तर नसेल, दोघे-तिघे मिळून मजकूर, छायाचित्रे आणि जाहिराती सांभाळत असतील, तर डॉट कॉमची सशुल्क योजना घेणे शहाणपणाचे आहे. याउलट तालुकावार विक्रेत्यांची यादी, चौकशीचा अर्ज थेट स्वतःच्या विक्री-प्रणालीत जाणे, एकच पान मराठी, हिंदी व इंग्रजीत ठेवणे अशा गरजा असतील आणि देखभालीला जबाबदार माणूस असेल, तर डॉट ऑर्गचा मोकळेपणा कामी येतो. बहुभाषिकतेची सोय मूळ आज्ञावलीत नाही, त्यासाठी पॉलीलँगसारखे प्लगइन लागते. डॉट कॉमवर कोणत्या योजनेत प्लगइन बसवता येतात हे वेळोवेळी बदलत आले आहे. पैसे भरण्यापूर्वी तेवढे तपासून घ्यावे.

मांडणीच्या वेळी राहून जाणाऱ्या काही गोष्टी दोन्हीकडे सारख्याच त्रास देतात. पहिली वेळेची. मृगाच्या तोंडावर एका बियाणे विक्री विभागाने सकाळी 9 वाजता प्रसिद्ध होण्यासाठी लावलेली सूचना दुपारी अडीचला प्रकट झालेली मी पाहिली आहे. सेटिंगमध्ये भारतीय वेळेऐवजी यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) राहिली होती आणि दोहोंत साडेपाच तासांचे अंतर आहे. दुसरी गोष्ट शोधयंत्रांना दूर ठेवण्याच्या खुणेची. बांधणी सुरू असताना ती लावतात आणि उद्घाटनानंतर काढायचे विसरतात. मग गूगलवर आपण का दिसत नाही याची चर्चा महिनाभर चालते.

तिसरी गोष्ट खास आपल्या लिपीची आहे आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पानाचा पत्ता शीर्षकावरून आपोआप तयार होतो आणि त्याला 200 चिन्हांची मर्यादा आहे. देवनागरीतील प्रत्येक अक्षर, काना, मात्रा आणि हलन्तसुद्धा सांकेतिक रूपात नऊ चिन्हांची जागा घेते. परिणामी ‘मराठवाड्यातील केसर आंबा लागवड’ या शीर्षकातील ‘लागवड’ हा शब्द पत्त्यातून गळून पडतो. पत्ता हाताने आटोपशीर लिहावा किंवा रोमन लिपीत ठेवावा. छापील पत्रकावर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर द्यायचा असेल तर रोमन बरा.

अधिकारांच्या बाबतीत मात्र सढळ राहू नये. सगळ्यांना अ‍ॅडमिनिस्ट्रेटर (सर्व अधिकार असलेला वापरकर्ता) करण्याची सवय फार पसरली आहे. नव्या माणसाला कॉन्ट्रिब्युटर ठेवले तर तो लिहू शकतो पण प्रसिद्ध करू शकत नाही. ऑथर स्वतःचे लेखन प्रसिद्ध करतो आणि एडिटर इतरांचेही तपासून प्रसिद्ध करतो. बियाण्याच्या वाणाची माहिती चुकीची गेली तर शेतकऱ्याचा हंगाम पणाला लागतो, त्यामुळे दुसऱ्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय मजकूर बाहेर पडू नये.

पुढे एकीकडून दुसरीकडे जाण्याची वेळ आली तर डॉट कॉमवरील मजकूर एक्सएमएल फाइलने बाहेर काढून डॉट ऑर्गच्या मांडणीत भरता येतो. लेख आणि पाने येतात, पण थीमची सजावट आणि प्लगइनच्या सेटिंग त्या फाइलमध्ये येत नाहीत, त्या नव्याने कराव्या लागतात. या स्थलांतरात वाचकाला पत्ता तोच दिसावा यासाठी डोमेन पहिल्या दिवसापासून संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या कायमस्वरूपी ईमेलवर नोंदलेले हवे. ते बांधणी करणाऱ्याच्या वैयक्तिक ईमेलवर असेल आणि तो माणूस दरम्यान काम सोडून पुण्याला गेला असेल, तर कॉम की ऑर्ग हा प्रश्न बाजूला राहतो आणि आधी स्वतःचाच पत्ता परत मिळवावा लागतो.