राजघराण्यातील आजारपण आणि लोकप्रतिक्रिया (ब्रिटन)

राजा, राणी किंवा गादीचा वारस गंभीर आजारी पडल्यावर ब्रिटिश जनतेत उमटणारी काळजी, कुतूहल, अफवा, प्रार्थना आणि पुढे तो बरा झाल्यावर होणारा जाहीर आनंद, या सगळ्याचा मिळून अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एक ठरावीक परिपाठ तयार झाला आहे. त्याला कायद्याचा आधार नाही आणि राजदरबाराच्या शिष्टाचारातही तो कुठे लिहून ठेवलेला नाही. तरीही त्याचे टप्पे पुन्हा पुन्हा तेच दिसतात : आधी दबकी कुजबुज, मग डॉक्टरांच्या सह्यांचे पत्रक, राजवाड्याच्या फाटकाशी गर्दी, आणि शेवटी आजाऱ्याचे दर्शन. यांतला शेवटचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा. राजा दुखण्यातून उठला हे लोक पत्रक वाचून मानत नाहीत; डोळ्यांनी पाहिले की मानतात. हा हट्ट लोकांचा आहे तितकाच राजघराण्याचाही, कारण दिसणे हेच त्याचे मुख्य काम उरले आहे.

तिसरा जॉर्ज : पत्रकांचा आरंभ

१७८८च्या शरद ऋतूत तिसऱ्या जॉर्जच्या वागण्यात भ्रमिष्टपणा दिसू लागला. तो तासन्तास अखंड बोले, झोप उडाली होती, आवरता आवरत नसे. त्याला लंडनजवळ क्यू या गावी हलवण्यात आले. राजा राज्य करण्यास असमर्थ ठरला तर युवराजाकडे रीजंट, म्हणजे राजाच्या जागी राज्य चालवणारा, म्हणून कारभार जाणार आणि त्याच्या मर्जीतला व्हिग पक्ष सत्तेवर येणार, असा सरळ हिशेब होता. त्यामुळे राजाची नाडी हा राजकारणाचा विषय झाला. डॉक्टरांची पत्रके सेंट जेम्स राजवाड्यात लावली जात आणि त्यांतल्या एकेका शब्दावरून वाद होत. डॉक्टरांमध्येही तट होते. व्हिगांच्या जवळचा वॉरन निराशेचा सूर लावी, तर धर्मोपदेशक असून वैद्यकी करणारा फ्रान्सिस विलिस राजा बरा होणारच असे सांगे. संसदेच्या समित्यांनी या डॉक्टरांच्या साक्षी काढल्या. रीजन्सीचे विधेयक कॉमन्स या कनिष्ठ सभागृहात संमत होऊन लॉर्ड्स या वरिष्ठ सभागृहापुढे गेले आणि तेवढ्यात, फेब्रुवारी १७८९मध्ये, राजाला उतार पडला. विधेयक तिथेच राहिले.

१० मार्चला लंडनमध्ये घरोघर रोषणाई झाली. २३ एप्रिलला, सेंट जॉर्जच्या दिवशी, राजा सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये आभारप्रार्थनेला गेला. उन्हाळ्यात तो हवापालटासाठी वेमथच्या किनाऱ्यावर आला. तिथली हकिकत राणीच्या पदरी असलेल्या लेखिका फॅनी बर्नी हिने लिहून ठेवली आहे : स्नान घालणाऱ्या बायकांच्या टोप्यांवर आणि कमरपट्ट्यांवर राजाला आयुष्य चिंतणारी अक्षरे होती, आणि राजाने समुद्रात डुबकी मारताच शेजारच्या स्नानगाडीत दडवून ठेवलेल्या वादकांनी राष्ट्रगीत वाजवायला सुरुवात केली. सहा महिन्यांपूर्वी ज्याला बांधून ठेवावे लागत होते, त्याच्या आंघोळीलाही आता बँड होता. अमेरिकेतल्या वसाहती गमावलेला हा राजा तोवर फारसा लाडका नव्हता. आजारपणानंतर तो झाला.

१८७१चा विषमज्वर

या विषयातले सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे व्हिक्टोरियाचा थोरला मुलगा, प्रिन्स ऑफ वेल्स अल्बर्ट एडवर्ड याचा विषमज्वर, म्हणजे टायफॉइड. तो कोणत्या घडीला आला हे पाहिल्याशिवाय लोकांच्या प्रतिक्रियेचा जोर कळत नाही. १८६१मध्ये पती अल्बर्ट वारल्यापासून राणी जवळजवळ अज्ञातवासात होती. राणी दिसत नाही तर तिच्यावर एवढा खर्च कशाला, हा प्रश्न उघड विचारला जात होता. १८७०मध्ये फ्रान्समध्ये प्रजासत्ताक आले आणि इंग्लंडमध्ये प्रजासत्ताकवादी मंडळे निघाली. त्याच वर्षी मॉर्डाँट घटस्फोट खटल्यात साक्षीदार म्हणून कोर्टात उभे राहावे लागल्याने राजपुत्राची पुरती नाचक्की झाली होती. ६ नोव्हेंबर १८७१ रोजी खासदार चार्ल्स डिल्क याने न्यूकॅसल येथील भाषणात राजघराण्याच्या खर्चावर टीका करून प्रजासत्ताकाचा उघड पुरस्कार केला.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांतच राजपुत्र अंथरुणाला खिळल्याची बातमी आली. तो स्कार्बरो येथे लाँड्सबरो लॉजमध्ये पाहुणा म्हणून राहिला होता. त्याच मुक्कामातले लॉर्ड चेस्टरफील्ड आणि राजपुत्राचा मोतद्दार हे दोघे याच तापाने दगावले. अल्बर्ट ज्या तापाने गेला असे तेव्हा मानले जाई तो हाच, आणि अल्बर्टच्या मृत्यूची तारीख होती १४ डिसेंबर. दहा वर्षांनी मुलगा सँडरिंगहॅमच्या आपल्या घरी त्याच तापात तडफडत होता आणि तीच तारीख जवळ येत होती. वर्तमानपत्रांना याहून काय हवे? दिवसातून अनेकदा पत्रके निघत, तारेने देशभर जात. पत्रकांचा तोचतोचपणा इतका झाला की, ‘विजेच्या तारेवरून निरोप आला : बरे नाही, आहे तसेच आहे’ अशा अर्थाची एक द्विपदी विनोद म्हणून पुढे कित्येक वर्षे सांगितली जाई. पण त्या दिवसांत कोणी हसत नव्हते. १४ तारखेलाच तापाला उतार पडला. योगायोगच, पण श्रद्धाळूंच्या लेखी तो योगायोग नव्हता.

पंतप्रधान ग्लॅडस्टनने ही संधी हेरली. सेंट पॉलमध्ये राष्ट्रीय आभारप्रार्थना व्हावी असा त्याचा आग्रह होता. राणीला मात्र धर्मकार्याला तमाशाचे रूप देणे रुचत नव्हते. अखेर २७ फेब्रुवारी १८७२ला ती मुलासह उघड्या बग्गीतून निघाली. अशक्तपणामुळे राजपुत्र अजून लंगडत होता. टेंपल बार या शहराच्या जुन्या वेशीपाशी राणीने मुलाचा हात हातात घेऊन दाबला आणि लोकांना रडू आले, असे तिने स्वतःच रोजनिशीत नोंदवले आहे. कॅथेड्रलमध्ये सुमारे १३,००० माणसे होती, रस्त्यावरच्या गर्दीची तर गणतीच नाही. आर्थर सलिव्हन याने या प्रसंगानिमित्त रचलेले स्तोत्रसंगीत १ मे रोजी क्रिस्टल पॅलेसमध्ये सादर झाले.

आभारप्रार्थनेनंतर दोनच दिवसांनी आर्थर ओकॉनर नावाच्या १७ वर्षांच्या मुलाने राणीवर पिस्तूल रोखले. ते भरलेले नव्हते. तिचा सेवक जॉन ब्राउन याने त्याला पकडले आणि सहानुभूतीत आणखी भर पडली. १९ मार्चला डिल्कने राजघराण्याच्या खर्चाच्या चौकशीची मागणी कॉमन्समध्ये मांडली. ती २ विरुद्ध २७६ मतांनी फेटाळली गेली. हे दुखणे राजेशाहीच्या चांगलेच पथ्यावर पडले, असे म्हणायला हरकत नाही. मात्र प्रजासत्ताकाची चळवळ एका तापाने संपली हे नेहमीचे विधान जरा जास्तच सोपे आहे. ती आधीपासून विस्कळीत होती, पॅरिस कम्यून या १८७१च्या बंडातल्या रक्तपाताने तिच्या मध्यमवर्गीय पाठीराख्यांना धास्ती बसली होती. तापाने तिला बोलायची चोरी केली, एवढे खरे.

या प्रकरणाचा एक उपयोगही झाला. राजपुत्रालाही गटारातून ताप येऊ शकतो हे कळल्यावर चर्चा स्कार्बरोच्या त्या घराच्या सांडपाण्याकडे वळली, आणि घरोघरच्या मोऱ्या व नळ हा सभ्य लोकांच्या बोलण्याचा विषय झाला.

पुढे ढकललेला राज्याभिषेक

हाच राजपुत्र सातवा एडवर्ड म्हणून गादीवर आला आणि पुन्हा आजारी पडला, तोही मुहूर्त पाहून. राज्याभिषेक २६ जून १९०२ला ठरला होता. २४ जूनला बकिंगहॅम राजवाड्यातच शल्यविशारद फ्रेडरिक ट्रीव्हझ याने त्याच्या आंत्रपुच्छाजवळचे गळू कापून पू काढला. समारंभ रद्द झाल्याची बातमी आली तेव्हा लंडनमध्ये मांडव, खुर्च्या, कमानी सगळे तयार होते आणि परदेशचे पाहुणे येऊन उतरले होते. मेजवानीसाठी शिजवलेले पदार्थ पूर्व लंडनमधल्या गरिबांत वाटले गेले.

एरवी काळजीचे चित्र एकसुरी असते. या वेळी ते तसे नव्हते. लंडनजवळच्या वॉटफर्डमध्ये ठरलेला जल्लोष पुढे ढकलल्याच्या रागाने २६ जूनच्या रात्री दंगल झाली आणि दुकाने फोडली गेली. राजा जगावा हे खरे, पण जल्लोषाची होळी पेटलीच पाहिजे, असा तो हिशेब होता. उलट लंडनमधल्या सुमारे पाच लाख गरिबांना राजाच्या खर्चाने द्यायचे जेवण ५ जुलैला ठरल्याप्रमाणे झाले. यजमान अंथरुणात होता.

दुसरी प्रतिक्रिया कोर्टात उमटली. मिरवणूक पाहण्यासाठी लोकांनी रस्त्यालगतच्या खोल्या भरमसाट भाड्याने घेतल्या होत्या. हेन्री नावाच्या गृहस्थांनी पॅल मॅल येथील क्रेल यांच्या खोल्या दोन दिवसांसाठी ७५ पौंडांना ठरवून २५ पौंड आगाऊ दिले होते. उरलेले ५० पौंड द्यायचे का? करार कागदावर फक्त खोल्यांचा होता, पण त्याचा सगळा आधार मिरवणूक हाच होता. ती नाही तर करारही नाही, असा निकाल १९०३मध्ये अपील न्यायालयाने दिला. राजा आरमाराची पाहणी करणार म्हणून भाड्याने घेतलेल्या बोटीच्या खटल्यात मात्र निकाल उलटा लागला : राजा नसला तरी आरमार जागेवरच होते, तेव्हा भाडे द्या. एका राजाच्या पोटातल्या गळवामुळे घडलेले हे कायदे भारतातले विधी शाखेचे विद्यार्थीही आजतागायत पाठ करतात. राज्याभिषेक ९ ऑगस्टला झाला. तोवर २६ जून छापलेले कप-बशा घरोघर पोचले होते आणि अजूनही जुन्या वस्तूंच्या बाजारात दिसतात.

रेडिओ, आणि शब्दांची काटकसर

नोव्हेंबर १९२८मध्ये पाचव्या जॉर्जच्या छातीत संसर्ग झाला आणि तो रक्तात भिनला. फाटकावर अडकवलेले पत्रक वाचायला गर्दी होतच होती, पण आता तेच पत्रक बीबीसीवरून घरात ऐकू येऊ लागले. १२ डिसेंबरला डॉक्टर लॉर्ड डॉसन यांना पू कुठे साठला आहे ते सापडले. फेब्रुवारी १९२९मध्ये राजाला बॉग्नरजवळ समुद्रकाठी हलवले. राजाच्या वास्तव्याची आठवण म्हणून त्या गावाने ‘रीजिस’ (राजाचे) ही पदवी मागून घेतली व ते बॉग्नर रीजिस झाले. त्या गावाच्या नावाने राजाच्या तोंडी घातलेली एक शेलकी शिवी गावापेक्षा जास्त प्रसिद्ध आहे. ती खरी असल्याचा पुरावा नाही. ७ जुलैला वेस्टमिन्स्टर ॲबीत आभारप्रार्थना झाली तेव्हा राजाची जखम पुरती भरलेली नव्हती. त्याच महिन्यात त्याच्यावर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. बरे होण्याआधीच बरे झाल्याचा सोहळा उरकला गेला, तो असा.

सहाव्या जॉर्जच्या बाबतीत ही फट भयंकर रुंदावली. २३ सप्टेंबर १९५१ला त्याचे डावे फुप्फुस काढून टाकले. पत्रकात फुप्फुसाच्या रचनेत बदल झाल्याचा उल्लेख होता; कर्करोग हा शब्द लोकांना सांगितला गेला नाही, खुद्द राजालाही नाही. २ डिसेंबरला देशभर आभारप्रार्थना झाल्या. ३१ जानेवारी १९५२ला मुलगी एलिझाबेथ हिला निरोप द्यायला तो विमानतळावर बोडक्या डोक्याने, थंड वाऱ्यात उभा राहिला. त्या दिवशीच्या छायाचित्रांतला खप्पड चेहरा पाहून अनेकांच्या मनात पाल चुकचुकली. पत्रकांनी झाकलेले दर्शनाने सांगितले. ६ फेब्रुवारीला तो झोपेत गेला.

२०२४ : दर्शनाची मागणी

१७ जानेवारी २०२४ रोजी एकाच दुपारी दोन घोषणा झाल्या. युवराज विल्यम यांच्या पत्नी, प्रिन्सेस ऑफ वेल्स कॅथरिन यांच्या पोटावर शस्त्रक्रिया झाली आहे, आणि राजे तिसरे चार्ल्स यांच्या वाढलेल्या प्रोस्टेटवर उपचार होणार आहेत. राजांनी आजाराचे नाव सांगितल्याचा परिणाम तत्काळ दिसला : राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या संकेतस्थळावर त्या विकाराची माहिती वाचणाऱ्यांची संख्या एका दिवसात सुमारे अकरा पट झाली. ५ फेब्रुवारीला राजांना कर्करोग असल्याचे जाहीर झाले. कोणता, ते सांगितले नाही. तरीही ते अधूनमधून दिसत राहिल्याने त्यांच्याविषयी फारसा गदारोळ झाला नाही.

कॅथरिन यांचे उलटे झाले. ईस्टरपूर्वी त्या कामावर येणार नाहीत, एवढेच सांगितले गेले होते. लोकांना ते पुरले नाही. १० मार्चला, ब्रिटनमधल्या मातृदिनी, त्यांचे मुलांसोबतचे छायाचित्र प्रसिद्ध झाले आणि काही तासांतच असोसिएटेड प्रेस, रॉयटर्स यांसारख्या वृत्तसंस्थांनी त्यात फेरफार झाल्याचे सांगून ते मागे घेतले. दुसऱ्या दिवशी कॅथरिन यांनी हौशी छायाचित्रकाराप्रमाणे संपादनाचे प्रयोग केल्याचे सांगून माफी मागितली. मग काय, अफवांना ऊत आला. विंडसरजवळच्या दुकानात चालतानाची त्यांची चित्रफीत आली, तरी ती व्यक्ती त्याच का, यावर लोक चौकटी थांबवून थांबवून वाद घालत होते. १७८८मध्ये पत्रकातल्या शब्दांचा जसा कीस पाडला जाई, तसा आता चित्रातल्या बाहीच्या काठाचा पाडला जात होता.

२२ मार्चच्या चित्रफितीत बाकावर एकट्या बसून त्यांनी सांगितले, की शस्त्रक्रियेनंतर कर्करोग आढळला आणि केमोथेरपी सुरू आहे. मुलांना समजावून सांगायला वेळ हवा होता. सूर एका रात्रीत पालटला. थट्टा करणाऱ्या काही नामवंतांनी जाहीर माफी मागितली. सहानुभूतीत ओशाळलेपणाचा वाटा किती होता ते मोजता येणार नाही, पण तो होता. त्याच सुमारास, रुग्णालयातील कर्मचाऱ्यांनी त्यांची कागदपत्रे पाहण्याचा प्रयत्न केल्याच्या तक्रारीवर खाजगी माहितीच्या गोपनीयतेवर देखरेख ठेवणाऱ्या माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने लक्ष घातले.

१५ जूनला ‘ट्रूपिंग द कलर’ या संचलनाला त्या बग्गीतून आल्या आणि सज्जात उभ्या राहिल्या. केमोथेरपी संपल्याचे सप्टेंबरमध्ये कळले. १४ जानेवारी २०२५ला, जिथे उपचार घेतले त्या रॉयल मार्सडन रुग्णालयाला भेट देऊन, आजार आता शमला असल्याचे त्यांनी स्वतः लिहून कळवले. या वेळी १८७२सारखी सेंट पॉलची मिरवणूक निघाली नाही. छायाचित्रांत त्या केमोथेरपी घेत असलेल्या एका रुग्णाशेजारी बसून बोलताना दिसतात.