पहिल्यांदा दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं तर फक्त दोन हजार? नाही!

३१ डिसेंबर जवळ आला की ग्रुपवर तोच मेसेज फिरतो, "पहिल्यांदा सापडलात तर दोन हजार भरा आणि घरी जा". अहो, हा दोन हजारांचा आकडा जुना आहे, १ सप्टेंबर २०१९ पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये पहिल्या गुन्ह्यालाच सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांचा दंड किंवा दोन्ही आहे. आणि जागेवर पावती फाडून सुटायचं हे तर डोक्यातून काढूनच टाका, हेल्मेट नसल्याचं चलन भरतो तसं हे भरता येत नाही, केस कोर्टातच जाते.

लायसन्सबद्दल तर कुणी बोलतच नाही. गुन्हा सिद्ध झाला की कोर्टाने किमान सहा महिने गाडी चालवायला बंदी घालायची, असं कलम २० सांगतं, आणि हे पहिल्या वेळेलाही लागू. ज्याचं पोटच रिक्षावर किंवा टॅक्सीवर आहे त्याचं काय होईल याचा विचार करा, दंड एकवेळ उसने पैसे घेऊन भरता येईल पण सहा महिन्यांची कमाई कुठून आणणार?

मर्यादा आहे १०० मिली रक्तात ३० मिलीग्राम अल्कोहोल, त्याच्या वर गेलात की गुन्हा, मग तुम्ही कितीही सरळ चालत असा. "मशीनमध्ये फुंकायला नाही म्हणा" हा सल्लाही घातक आहे, नकार दिला आणि पोलिसांना दारूचा संशय असला तर वॉरंटशिवाय अटक करता येते. आणि हो, स्कूटीलाही हाच नियम.