वाचन-आकलन : वर्गातील अध्यापनतंत्रे

वाचलेल्या मजकुराचा अर्थ लावणे, त्याचे भाग एकमेकांशी जोडणे आणि आधीच्या माहितीशी त्यांची सांगड घालणे म्हणजे वाचन-आकलन. ते साधावे म्हणून प्राथमिक वर्गांत मुद्दाम शिकवल्या जाणाऱ्या कृतींना आकलनाची तंत्रे म्हणतात. अक्षरओळख व प्रकट वाचनाचा सराव त्यांत येत नाही. मात्र त्या पायाशिवाय तंत्रे उभी राहत नाहीत. फिलिप गॉफ व विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या सूत्रात आकलन हा लिपी-उकल (अक्षरांवरून शब्द वाचता येणे) आणि ऐकून होणारी भाषेची समज यांचा गुणाकार मानला आहे, बेरीज नव्हे. एक घटक शून्य असला, तर दुसरा कितीही मोठा असो, फळ शून्यच.

देवनागरीत अक्षर व उच्चार यांचा संबंध बराचसा नियमित आहे. जोडाक्षरे सरावाची झाली की मूल न अडखळता वाचू लागते आणि नेमकी तेथेच शिक्षकाची फसगत होते. ‘लाटका गंबू दोन सोरक्या मिबून पळाला’ हे निरर्थक वाक्य पाहावे. ‘कोण पळाला?’, ‘गंबू कसा होता?’, ‘त्याने किती सोरक्या मिबल्या?’ या तिन्ही प्रश्नांची बरोबर उत्तरे मराठी बोलणारे मूल सहज देते, कारण प्रत्यय आणि शब्दक्रम ती आयती पुरवतात. उताऱ्याखालच्या कित्येक प्रश्नांना पूर्ण गुण मिळतात ते याच वाटेने. ‘गंबू का पळाला असेल?’ असे विचारले की मात्र उत्तर थांबते.

या तंत्रांचा उगम कोठे मानावा, याबद्दल मतभेद आहेत. काही अभ्यासक तो अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांच्या १९१७ च्या निबंधापर्यंत मागे नेतात. परिच्छेद वाचताना मुलांकडून होणाऱ्या चुका तपासून वाचन हे एक प्रकारचे तर्क करणेच आहे, असे त्यांनी म्हटले होते : गणित सोडवताना जसे योग्य घटक निवडावे लागतात व प्रत्येकाला योग्य वजन द्यावे लागते, तसेच येथेही. दुसरे मत फ्रान्सिस रॉबिन्सन यांच्या पाहणी, प्रश्न, वाचन, आठवण व उजळणी या पंचपदीला आद्य मानते. ती १९४० च्या दशकात रूढ झाली, परंतु महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी होती. थॉर्नडाइक यांनी निदान केले, उपचार सांगितला नाही. रॉबिन्सन यांनी उपचार सांगितला, पण मुलांसाठी नाही. त्यामुळे लहान मुलांच्या वर्गापुरता उगम साधारणतः १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात धरणे अधिक सयुक्तिक वाटते. त्या सुमारास डोलोरेस डर्किन यांनी अमेरिकेतील चौथीच्या वर्गांचे निरीक्षण केले, तेव्हा वाचनाच्या तासांपैकी एक टक्क्याहूनही कमी वेळ आकलन शिकवण्यात गेल्याचे दिसले. शिक्षक प्रश्न विचारत व उत्तरे तपासत. पण परीक्षा घेणे म्हणजे शिकवणे नव्हे. एलन मार्कमन यांना १९७९ मध्ये असे आढळले की, मजकुरातील उघड विसंगतीही पुष्कळ मुलांच्या लक्षात येत नाही. आपल्याला कळलेले नाही, हेच मुलाला कळत नसेल तर ते शंका तरी कशी विचारणार?

सर्वाधिक अभ्यासले गेलेले तंत्र म्हणजे ॲनमरी पॅलिंक्सार व ॲन ब्राऊन यांचे परस्पर-अध्यापन (१९८४). छोट्या गटात मुले आळीपाळीने शिक्षक होतात आणि प्रत्येक परिच्छेदावर प्रश्न विचारणे, सारांश सांगणे, अडलेले स्पष्ट करणे व पुढचे भाकीत करणे ही चार कामे करतात. मूळ प्रयोग सातवीतील मुलांवर होता. खालच्या इयत्तांत तो पुढे नेला गेला. बराक रोझेनशाइन व कार्ला माइस्टर यांनी १९९४ मध्ये १६ अभ्यासांचा आढावा घेतला. संशोधकांनी स्वतः तयार केलेल्या चाचण्यांवर परिणामाचे (म्हणजे तंत्र शिकलेल्या व न शिकलेल्या गटांतील, प्रमाण विचलनाच्या एककात मोजलेल्या फरकाचे) मध्यक मूल्य ०.८८, तर प्रमाणित चाचण्यांवर ०.३२ आले. स्वतः केलेल्या चाचण्या शिकवलेल्या गोष्टींशी जवळून जुळतात, म्हणून दुसरा आकडा अधिक विश्वसनीय समजावा. तोही उपेक्षणीय नाही.

प्रकट विचार या तंत्रात शिक्षक वाचता वाचता मनातले बोलून दाखवतो. ‘समीरने रवीला त्याची वही परत दिली’ या वाक्यापाशी तो थांबतो : ‘त्याची म्हणजे कोणाची? समीरची असती तर “आपली” म्हटले असते. शिवाय “परत” दिली, म्हणजे वही रवीचीच.’ दोन शब्दांवरून अनुमान कसे निघते, हे मुलांना येथे ऐकू येते. पुढे हे काम शिक्षकाकडून हळूहळू मुलांकडे सोपवले जावे, ही मांडणी डेव्हिड पिअर्सन व मार्गरेट गॅलाघर यांची (१९८३). काय माहीत आहे, काय जाणून घ्यायचे आहे व काय शिकलो, असा डोना ओगल यांचा तीन रकान्यांचा तक्ता (१९८६) आणि गोष्टीचा नकाशा (पात्रे, स्थळ व घटना मांडणारी आकृती) ही साधनेही सर्वपरिचित आहेत.

तंत्रे महत्त्वाची की विषयज्ञान, हा वाद अद्याप चालू आहे. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ६४ विद्यार्थ्यांवरील एका प्रयोगात बेसबॉलची चांगली माहिती असलेल्या कच्च्या वाचकांनी, तो खेळ फारसा माहीत नसलेल्या चांगल्या वाचकांपेक्षा बेसबॉलवरील मजकूर अधिक अचूक आठवून सांगितला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन मंडळाने २००० मध्ये अनेक तंत्रांच्या एकत्रित वापराला अनुकूल मत दिले. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. तंत्रे थोड्या आठवड्यांत अंगवळणी पडतात, ज्ञान व शब्दसंपत्ती वर्षानुवर्षे साठत जाते; म्हणून प्रत्येक तासाला ‘सारांश सांगा’ असे घोकवण्याऐवजी पाणी, पक्षी किंवा ग्रह अशा एकाच विषयावरचे अनेक मजकूर सलग वाचायला देणे हितकर.

अजून वाचू न शकणाऱ्या मुलांसाठी हीच तंत्रे ऐकवलेल्या गोष्टीवर वापरतात. शिक्षक मोठ्याने वाचतो, पान उलटण्यापूर्वी थांबतो आणि पुढे काय होईल ते मुलांकडून चित्रातल्या खुणांसह काढून घेतो.