मट (इंग्रजी शब्द)

मट (mutt) हा बोलीभाषेतला, मूळचा अमेरिकी इंग्रजी शब्द. कोणत्याही एका ठरावीक जातीचे नसलेले, मिश्र वंशाचे कुत्रे हा त्याचा आजचा मुख्य अर्थ. मूर्ख माणूस हा जुना. उच्चार 'कट', 'पट' यांच्यासारखा आखूड. घरात, रस्त्यावर, वर्तमानपत्राच्या मथळ्यात तो सर्रास भेटतो, पण पशुवैद्याच्या कागदांवर सहसा 'मिक्स्ड ब्रीड' असेच लिहितात.

अर्थांचा क्रम अनेकांना वाटतो त्याच्या उलट आहे. शिवी आधी माणसाला बसली, कुत्र्याला नंतर. मंदबुद्धी माणसाला 'मटनहेड', म्हणजे मेंढीच्या डोक्याचा, म्हणण्याची रीत १९व्या शतकाच्या आरंभापासून होती. तिचेच तुटलेले रूप १९०० च्या सुमारास अमेरिकेत रूढ झाले आणि काही वर्षांतच बिनजातीच्या कुत्र्याला लागले. मराठीतला 'मठ्ठ' अर्थाने आणि कानालाही याच्या इतका जवळ आहे की नाते जोडण्याचा मोह होतो; तो नुसता योगायोग आहे.

माणसाचा अर्थ टिकवून धरण्यात एका चित्रमालिकेचा हात होता. बड फिशर यांनी १९०७ मध्ये सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल या दैनिकात मट नावाचा रेसच्या नादी लागलेला उंच, हडकुळा इसम आणला. पुढच्या वर्षी त्याला जेफ हा बुटका सोबती मिळाला. त्यामुळे उंच-बुटक्या जोडीला इंग्रजीत आजही 'मट अँड जेफ' म्हणतात. लंडनच्या कॉकनी यमकबोलीत याच जोडनावाचा अर्थ बहिरा असा होतो, कारण 'जेफ' आणि 'डेफ' यांचे यमक जुळते. तिथे कुत्रा शोधू नये.

शब्दातला डंख पुढे बराच बोथट झाला. सोव्हिएत संघाने ३ नोव्हेंबर १९५७ रोजी स्पुटनिक २ मधून लायका ही मॉस्कोच्या रस्त्यावरची कुत्री अंतराळात पाठवली, तेव्हा अमेरिकी पत्रकारांनी 'मट' आणि यानाचे नाव जोडून 'मटनिक' असा शब्द पाडला. नोव्हेंबर २००८ मध्ये, अध्यक्षपदी निवडून आल्यावर, मुलींसाठी कुत्रा आणण्याविषयी बोलताना बराक ओबामा यांनी निवाऱ्यातली बरीच कुत्री आपल्यासारखीच मट असतात असे हसत म्हटले होते. स्वतःबद्दल म्हटले तर विनोद, दुसऱ्या माणसाबद्दल म्हटले तर अपमान, ही मर्यादा मात्र कायम आहे.

समानार्थी म्हणून दिले जाणारे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. 'माँग्रेल' हा १५व्या शतकापासूनचा, मिसळ या अर्थाच्या जुन्या धातूपासून आलेला. तो आज मटपेक्षा कोरडा आणि कडक वाटतो. 'कर' त्याहून जुना आणि नुसताच तुच्छतेचा. त्याचा संबंध बहुधा गुरगुरण्याशी आहे, म्हणून त्यात वंशापेक्षा स्वभावावर रोख असतो. शेक्सपियरच्या 'मॅकबेथ'मध्ये (अंक ३, प्रवेश १) कुत्र्यांच्या यादीत हे दोन्ही शब्द वेगवेगळे मोजले आहेत. 'पूच' हा लाडाचा शब्द. तो उत्तम वंशावळीच्या कुत्र्यालाही चालतो, त्यामुळे मटचा पर्याय म्हणून तो चुकीचाच. 'हाइन्झ ५७' ही अमेरिकी थट्टा हाइन्झ कंपनीच्या '५७ प्रकार' या १८९६ च्या घोषवाक्यावरून आली: सत्तावन्न वाणांची भेसळ. ऑस्ट्रेलियात 'बिट्सर', म्हणजे थोडे याचे, थोडे त्याचे. बहामाजमध्ये 'पॉटकेक', भांड्याच्या बुडाला लागलेल्या खरवडीवरून; ती कुत्र्यांना घालत.

मुद्दाम केलेल्या संकराला जाणकार मट म्हणत नाहीत. ग्रेहाउंडसारख्या शिकारी जातीचा कोली किंवा टेरियरशी संकर म्हणजे 'लर्चर'. लॅब्रॅडॉर आणि पूडल यांचा १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरन यांनी अंधांच्या मार्गदर्शक कुत्र्यासाठी केलेला संकर म्हणजे 'लॅब्राडूडल'. वंशमिश्रण दोन्हीकडे आहेच. फरक हेतूचा, आणि खरे सांगायचे तर किमतीचा.

मराठीत शब्दकोश आणि अनुवादक मटला सरळ 'गावठी कुत्रे' म्हणून मोकळे होतात. ही चूक आहे. मट म्हणजे ठरावीक जातींची सरमिसळ. आपले गावठी कुत्रे अशा जातींच्या मिश्रणातून आलेले नाही. आखूड केस, बहुधा उभे कान आणि वर वळलेली शेपटी असलेली ती दक्षिण आशियातली जुनी, आपोआप घडलेली प्रजा आहे. शहरांत तिच्यात पाळीव जाती मिसळल्या आहेत, आणि त्या पिल्लांना लोक 'लॅब क्रॉस', 'पॉमेरियन क्रॉस' म्हणतात. मटला सर्वांत जवळचा शब्द हा 'क्रॉस'. 'भटके' आणि 'मोकाट' हे शब्द राहणीचे आहेत, वंशाचे नव्हेत. कारवानी तर स्वतंत्र जात आहे. शिवाय 'गावठी' हे विशेषण अंड्याला, तुपाला लावले की भाव वाढतो आणि कुत्र्याला लावले की उतरतो, हे अनुवादकाने ध्यानात ठेवावे.

नुसते पाहून वंश सांगणे बेभरवशाचे असते. रंग आणि केसांची लांबी मोजक्या जनुकांवर ठरते, त्यामुळे दिसण्यावरून केलेला अंदाज जनुक-चाचणीत वारंवार खोटा ठरतो. चाचणीसाठी गालाच्या आतून साधारण अर्धा ते एक मिनिट बोळा फिरवतात. नुकतेच खाल्लेले असेल, पिल्लू आईला पीत असेल किंवा दोन कुत्री एकाच वाडग्यात तोंड घालत असतील तर नमुना बिघडतो. आणि प्रयोगशाळेच्या संचात दक्षिण आशियाई गावकुत्र्यांचे नमुनेच नसले, तर गावठी कुत्र्याच्या अहवालात भलत्याच परदेशी जातींचे तुकडे निघतात.

एक घोटाळा लिपीचाही आहे. दक्षिणेतल्या इंग्रजी वर्तमानपत्रांत 'मठ' हा शब्द नेमका याच चार अक्षरांत लिहितात, उदाहरणार्थ उडुपीचा कृष्ण मठ. यंत्राने केलेल्या अनुवादात त्या जागी कुत्रा येऊ शकतो, म्हणून अशी बातमी मराठीत आणताना हा शब्द हाताने तपासावा.